मे महिन्यातला बालवाचन वर्ग: आमच्या वाचनालयाच्या नोंदी

२८ एप्रिल २०२५, सोमवार

मी कुडाळ तालुक्यातल्या एका गावच्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. शासनाच्या अ ते ड वर्गवारीतलं ‘क’ वर्गाचं वाचनालय, एक कौलारू खोली आणि पडवी, मी आणि एक शिपाई. दाखल नोंदवहीप्रमाणे बालविभागात ६४० पुस्तकं आहेत. गेल्या वर्षीच्या मे महिन्याची देवघेव काढून बघितली, तर मुलांची फक्त २३ पुस्तकं घरी गेली होती. सुट्टीत गावभर मुलं असतात आणि त्यांचं कपाट बंद असतं, हे मला फार लागलं. म्हणून हा वर्ग.

कार्यकारिणीने ५,००० रुपये मंजूर केले. सरकारी अनुदानातला अर्धा भाग वेतनावर जातो आणि उरलेल्यात पुस्तकं, मासिकं, वीजबिल भागवायचं असतं. त्यामुळे एवढे मिळाले हेच खूप.

ठरलं ते असं: ५ ते ३० मे, सकाळी साडेनऊ ते बारा, वय ८ ते १३. वर्गणी नाही, अनामत नाही, सुट्टीपुरतं विलंब शुल्कही नाही. इथे मे महिन्यात चाकरमान्यांची मुलं आजोळी येतात. त्यांना सभासद करून घ्यायला कागदपत्रं मागत बसले, तर महिना त्यातच जाईल. आजी-आजोबांची सही पुरेशी धरली.

आज कुडाळला जाऊन १२ कात्र्या (५४० रु.), २० कार्डशीट (२४० रु.), दाभण, दोरा आणि चिकटपट्टी (१८५ रु.) आणली.

५ मे, सोमवार

३४ मुलं आली. मी २० धरून बसले होते. सतरंज्या कमी पडल्या, शेजारून आणल्या.

पहिला पाऊण तास गोष्टीवाचन, मग हस्तकला, असं वेळापत्रक केलं होतं. ते आजच मोडलं. मुलांना टेबलावर कात्र्या दिसत होत्या. मी वाचत होते आणि ती मान वळवून टेबलाकडे बघत होती. दहाव्या मिनिटाला एकाने विचारलं, “हे झालं की कापायचं ना?” त्याला मधली गोष्ट म्हणजे रांगेत उभं राहण्यासारखी वाटत होती.

सगळ्यात जास्त पुस्तकं वाचणाऱ्या पाचजणांना बक्षीस, असं मी आज जाहीर केलं. बक्षिसं आधीच घेऊन ठेवली होती, १,१४० रुपयांची.

७ मे, बुधवार

मुखवटे. फुगा फुगवायचा, त्यावर मैद्याच्या खळीत बुडवलेल्या वर्तमानपत्राच्या पट्ट्यांचे तीन थर द्यायचे, वाळल्यावर अर्धा कापायचा. काल सगळ्यांनी मनापासून केले आणि लवकर वाळावेत म्हणून मी ते अंगणात उन्हात ठेवले.

ती चूक. उन्हाने आतली हवा फुगली आणि नऊ फुगे दुपारपर्यंत फुटले. ओला कागद आत बसला. जे फुटले नाहीत ते रात्री गार होऊन आकसले आणि कागदाला सुरकुत्या पडल्या. सकाळी उरलेल्यांवर मुंग्यांची रांग होती. २७ पैकी धड मुखवटे चार निघाले. सातवीतली एक मुलगी आपला चपटा मुखवटा हातात घेऊन बराच वेळ उभी होती. तिला काय सांगावं ते मला सुचलं नाही.

दुसऱ्या वेळी फुगे नाहीत. स्टीलची वाटी किंवा नारळाची करवंटी पालथी घालायची, वरून तेलाचा हात फिरवायचा आणि सावलीत, वाऱ्याच्या बाजूला ठेवायचं. (नंतरची भर: करवंटीवरचे छोटे मुखवटे दोन दिवसांत टणक वाळले.)

खळीचं प्रमाण विचारणाऱ्यांसाठी: एक वाटी मैदा आधी थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा, मग एकूण पाच वाट्या पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहायचं. पांढरा रंग जाऊन ती काचेसारखी दिसायला लागली की उतरवायची. बाइंडर मंडळी कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. तो विषारी आहे, मुलांच्या हातात द्यायचा नाही. त्याऐवजी रोज ताजी खळ करायची. आमच्या दमट हवेत ती दुसऱ्या दिवशीच आंबते.

९ मे, शुक्रवार

बक्षिसाचं फळ दिसलं. आज ४१ पुस्तकांची देवघेव झाली आणि मी सकाळी खूष होते. मग बघितलं, तर सगळी पुस्तकं १६ पानांची होती. एक मुलगा पडवीत बसून दहा मिनिटांत चार पुस्तकं ‘वाचून’ परत घेऊन आला. मी एकात काय होतं ते विचारलं, तर म्हणाला, “वाघ.” मुखपृष्ठावर वाघ होता.

जाडी पुस्तकं कपाटातून हललीच नाहीत. जी मुलगी तीन दिवस एकच कादंबरी वाचत होती, तिने आज ती अर्धी ठेवली, कारण यादीत तिच्या नावापुढे शून्य होतं. हे मी माझ्या हाताने केलं.

१० मे, शनिवार

स्पर्धा बंद केल्याचं मुलांना सांगितलं आणि चूक माझी होती हेही सांगितलं. दुकानदाराने माल परत घेतला नाही, म्हणून खोके फोडून पेन्सिली आणि खोडरबर सगळ्यांच्या वापरासाठी डब्यात ठेवले.

त्याऐवजी चिठ्ठी. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूचे बोटभर रुंदीचे तुकडे कापले. पुस्तक वाचून झालं, की पुढच्या वाचकासाठी एक ओळ लिहायची आणि ती पुस्तकात, वरून थोडी दिसेल अशी ठेवायची. पुस्तक आवडलं नसेल तर तसंही लिहायचं. किती वाचली याची यादी नाही.

१३ मे, मंगळवार

चिठ्ठ्यांचं काम माझ्या अपेक्षेपेक्षा पुढे गेलं. आज कपाटासमोर सातजण पुस्तकं न काढता नुसत्या चिठ्ठ्या वाचत उभे होते. काही उतरवून घेते:

“यात कुत्रा मरत नाही. निर्धास्त वाचा.”

“पान १४ वरचं चित्र आधी बघू नको.”

“सुरुवात बोर आहे. नदी आली की मग चांगलं.”

नदीवाल्या पुस्तकाला गेली सहा वर्षं हात लागला नव्हता. आज त्यासाठी दोघांत भांडण झालं.

दुपारी पिंगुळीहून एक कलाकार आले. प्रवास आणि मानधन मिळून १,५०० रुपये दिले. खर्चातली ही सगळ्यात मोठी रक्कम आणि सगळ्यात योग्यही. पिंगुळी आमच्याच तालुक्यात आहे. तिथल्या ठाकर समाजाने चित्रकथी, चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ आणि कळसूत्री बाहुल्या जपल्या आहेत. तरी वर्गातल्या निम्म्या मुलांनी यातलं काहीच पाहिलेलं नव्हतं. कलाकारांनी चित्रकथीची पोथी उघडली. एका कथेच्या चित्रांच्या गठ्ठ्याला पोथीच म्हणतात. एकेक चित्र समोर धरायचं, कथा सांगायची, पुढचं चित्र. मुलं पाऊण तास हलली नाहीत. पाच तारखेला मी वाचत असताना टेबलाकडे बघणारी हीच मुलं.

१५ मे, गुरुवार

आपापल्या वाचलेल्या गोष्टीची पोथी करायची, असं मुलांनीच ठरवलं. तिघा-चौघांचा गट, गोष्टीतले आठ प्रसंग, आठ चित्रं.

काल कार्डशीटवर रंगवलेली चित्रं वाळताना पन्हळीसारखी वळली. वजन ठेवलं तरी काढल्यावर पुन्हा वळायची. मग परवा बघितलेली पोथी आठवली. तिच्यात दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली होती. तसं केल्यावर कळलं की दोन्ही बाजू सारख्याच ओढतात, म्हणून पान सपाट राहतं. शिवाय दोन्हीकडे चित्र मिळतं आणि कागदही वाचतो. खळ पातळ हवी, मधून कडेकडे बोट फिरवून हवा काढायची आणि वर जाड शब्दकोश ठेवायचा.

आजची खरी गोष्ट ही. पानं शब्दकोशाखाली ठेवली आणि मुलांना सांगितलं, की पाऊण तास उचलायची नाहीत. करण्यासारखं काही उरलं नाही. कुणी न सांगता एक गट पुस्तक उघडून बसला, कारण पुढचा प्रसंग कोणता काढायचा यावर त्यांचा वाद होता. मग दुसरा गट. पाच मिनिटांत पडवीत मुलं एकमेकांना वाचून दाखवत होती. पाऊण तास संपल्याचं मीच विसरले.

दहा दिवस मी वाचन आधी आणि हस्तकला नंतर, अशी ओढाताण करत होते. वाचनाची जागा मधे होती, खळ वाळेपर्यंत. उद्यापासून वेळापत्रक असं: आल्या आल्या चिकटवायचं, वाळेपर्यंत वाचायचं, मग उरलेलं काम. वाळायला वेळ लागेल असंच काम निवडायचं. झटपट होणारं नको.

१६ मे, शुक्रवार

मुंबईहून आलेली अकरा वर्षांची एक मुलगी तीन दिवस आली नव्हती. आज तिची आजी आली. पायरीवरच थांबून म्हणाली, “गे बाय, माझ्या नातीक बारक्यांचा पुस्तक दिलंस. तिका लाज वाटली.”

खरं होतं. ती मुलगी इंग्रजी माध्यमात शिकते. मराठी घरात बोलते, पण जोडाक्षराला अडते. मी तिला सोपं म्हणून मोठ्या अक्षरांचं चित्रपुस्तक दिलं आणि सात-आठ वर्षांच्या मुलांच्या रांगेत बसवलं. अक्षरं तिच्या वाचनाच्या मापाची होती, गोष्ट मात्र तिच्या वयाची नव्हती. अशी अजून पाच-सहा मुलं वर्गात आहेत आणि त्यांच्याबाबतीतही मी हेच केलं होतं.

आजीबरोबर तिच्या घरी गेले आणि तिची माफी मागितली. सोमवारपासून अशा प्रत्येक मुलाबरोबर गावातलं त्याच्याच वयाचं मूल. पुस्तक मोठ्यांचं, एकाने परिच्छेद वाचायचा आणि दुसऱ्याने बोट ठेवून तो डोळ्यांनी वाचायचा, मग अदलाबदल. मुंबईच्या मुलांनी चिठ्ठी रोमन अक्षरांत लिहिली तरी चालेल.

१९ मे, सोमवार

४६ मुलं. ती मुलगी आली. जोड्या बसल्या. गावातल्या एका मुलाला ‘उद्ध्वस्त’ वाचता येत होतं पण अर्थ माहीत नव्हता. तिला अर्थ माहीत होता, कारण तिच्या शेजारची इमारत पाडली होती. दोघं त्या शब्दावर बराच वेळ बोलत होती.

२१ मे, बुधवार

काल दुपारपासून पाऊस. वळिवाच्या सरी नव्हेत, धरून लागलेला. सकाळी कुलूप उघडलं तर पश्चिमेच्या खिडकीची एक फळी उघडी राहिली होती. खिडकीखाली परतीच्या पुस्तकांचा ढीग होता. ११ पुस्तकं भिजली. तो ढीग परवाच कपाटात जायला हवा होता.

वीज नाही, म्हणजे पंखा नाही. बुरशीला दोन दिवस पुरतात. नऊ मुलं छत्र्या घेऊन आली होती, त्यांना कामाला लावलं. आम्ही केलं ते क्रमाने लिहिते, कुणाला तरी लागेल. पुस्तक झटकायचं नाही, पानं ओढायची नाहीत. आधी मिटलेलं पुस्तक सुती पंच्यात हलकं दाबून पाणी काढायचं. मग दर दहा-बारा पानांमागे जुन्या वर्तमानपत्राचा तुकडा सरकवायचा आणि पुस्तक उभं करून पंख्यासारखं उघडं ठेवायचं. दर दोन तासांनी कागद बदलायचा. ऊन पडलं तरी उन्हात ठेवायचं नाही, बांधणी आकसते.

गुळगुळीत कागदाच्या रंगीत पुस्तकांना हे चालत नाही. ती ओली असतानाच एकेक पान सुटं करावं लागतं. वाळली की पानं एकमेकांना चिकटून वीट होते. हे मला दुपारी कळलं. तोपर्यंत तीन पुस्तकांची वीट झाली होती.

आठ वाचली. कागद बदलताना मुलं उघडलेलं पान वाचत होती. पुस्तकात कागद सरकवणारी तिसरीतली एक मुलगी दर वेळी तेच पान उघडायची, म्हणून तिला विचारलं. म्हणाली, मागच्या वेळी वाक्य अर्धं राहिलं होतं.

२३ मे, शुक्रवार

पाऊस. वीज येऊन जाऊन. सात मुलं. पोथ्या कपाटावर सुक्या आहेत. करवंटीच्या मुखवट्यांना बुरशी आली, टाकून दिले.

२६ मे, सोमवार

मान्सून काल देवगडपर्यंत पोचल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. केरळात तो परवाच, २४ तारखेला आला होता. आमच्याकडे एरवी जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो. ३० तारखेचा कार्यक्रम अंगणात ठरवला होता, तो आता आत, ४० माणसांच्या खोलीत. पोथी दाखवायला उजेड लागतो आणि विजेची खात्री नाही.

मुलांनी उलटं सुचवलं: अंधार आहे तर छायाखेळ करू. गोष्ट चिऊ-काऊची, कारण बाहेर पाऊस आणि काऊचं घर शेणाचं. ही गोष्ट मुंबईच्या आणि गावच्या सगळ्यांनाच तोंडपाठ. पण एकाची काऊ शेवटी वाचते, दुसरीची भाजते. भांडण मिटवायला मुलांनी कपाट पालथं घातलं. तीन पुस्तकांत ती गोष्ट सापडली आणि तिन्हींत शेवट वेगळा. दीड तास तुलना चालली.

२८ मे, बुधवार

काल कार्डशीटच्या बाहुल्या केल्या. दमट हवेत तासाभरात माना लवल्या. दुहेरी केल्या, तरी तेच.

एका मुलाने दप्तरातून प्लास्टिकचं पारदर्शक फाइल कव्हर काढलं. त्यावर मार्करने रंगवलेली चिमणी टॉर्चसमोर धरली आणि पडदा म्हणून धरलेल्या पंच्यावर हिरवी-लाल सावली पडली. खोलीत एकदम आवाज झाला. पिंगुळीच्या बाहुल्यांचं चामडं असंच रंग आरपार जाऊ देतं. कलाकारांनी ते सांगितलं होतं, मी लक्षात ठेवलं नव्हतं. ४० कव्हरं (४०० रु.) आणि १२ मार्कर (३०० रु.) मागवले. लाल, हिरवा, निळा छान दिसतात. पिवळा दिसत नाही. काळी रेघ जाड हवी.

काडी म्हणून माडाच्या झावळीचे हीर. ते मी पांढऱ्या गमने चिकटवले. सकाळी गमची साल निघावी तसे सगळे हीर सुटले, प्लास्टिक तो धरत नाही. दाभणाने दोन-दोन भोकं पाडून दोऱ्याने शिवले, ते पक्के बसले. पंख हलायचा असेल तिथे सैल गाठ.

२९ मे, गुरुवार

रंगीत तालीम. पडदा म्हणजे पंचा, ताणून बांधलेला. सुरकुती राहिली की चिमणीची चोच वाकडी. मागे नऊ वॅटचा एलईडी दिवा लावला, तर सावलीच्या कडा धूसर. मी दिवा पुढे-मागे करत अर्धा तास घालवला. तेवढ्यात वीज गेली आणि मोबाइलचा टॉर्च लावला. सावली कापून काढल्यासारखी. कारण सोपं आहे: दुधी बल्बचा उजेड मोठ्या गोळ्यातून येतो, टॉर्चचा एका ठिपक्यातून. टॉर्च पडद्यामागे चार-पाच फुटांवर ठेवायचा आणि बाहुली कापडाला टेकवायची. ढग मात्र टॉर्चजवळ धरायचा, तो पडदाभर होतो.

संवाद मालवणीत. मुंबईच्या मुलीने चिमणीचे संवाद रोमन अक्षरांत लिहून पाठ केले: “वायच रव, माज्या पिलाक न्हाणयतंय.” (जरा थांब, माझ्या पिलाला न्हाऊ घालतेय.) आजीने उच्चार तीनदा दुरुस्त केला.

३० मे, शुक्रवार

६० माणसं आली, २० पडवीत उभी. कौलांवर पाऊस एवढा, की पहिले संवाद ऐकूच गेले नाहीत. मुलं थांबली, एकमेकांकडे बघितलं आणि मोठ्याने पुन्हा सुरू केलं. काऊचं घर वाहून गेलं तेव्हा समोरच्या लहान मुलांनी वर कौलांकडे बघितलं.

शेवट मुलांनी ठरवल्याप्रमाणे: तिन्ही शेवट एकामागून एक केले आणि प्रत्येक कुठल्या पुस्तकातला ते दाखल क्रमांकासकट सांगितलं. कार्यक्रम संपल्यावर ती तिन्ही पुस्तकं घरी गेली.

१ जून, रविवार

एकूण खर्च ५,५३० रुपये. वर लिहिलेल्या रकमांशिवाय मैदा १३५, फुगे ६०, झेरॉक्स ३८०, खाऊ आणि सरबत ६५०. वरचे ५३० एका वाचकाने दिले. वाया गेलेले धरले, तर बक्षिसं आणि फुगे मिळून १,२०० रुपये. वेळ मोजला तर पहिला आठवडा.

मे महिन्याची बालविभागाची देवघेव ३१२. त्यातली ९ मेपर्यंतची ९६ मी जमेत धरत नाही, ती बक्षिसासाठी होती.

डावखुरी तीन मुलं होती. साध्या कात्रीने त्यांना रेघ दिसत नाही आणि पातीही फाकते. कुडाळात डाव्या हाताची कात्री मिळाली नाही. महिनाभर त्यांचं दुसऱ्यांनी कापलं. पुढच्या वर्षी एप्रिलमध्येच मागवून ठेवायची.

कार्यक्रमही १८ मेच्या आत घ्यायचा.

१४ जून, शनिवार

परवा, सोळा तारखेला शाळा सुरू. पावसामुळे मुंबईची मुलं आठवडाभर आधीच गेली, त्यामुळे पाच पुस्तकं बाहेर राहिली. दोन आजी-आजोबांनी आणून दिली, तीन बाकी आहेत. कार्यकारिणीच्या बैठकीत त्यांची किंमत कुणाकडून वसूल करायची हे विचारलं गेलं. शुल्क घेणार नाही असं मी मुलांना सांगितलं आहे, म्हणून वसुली करू नये, अशी विनंती केली. ती मान्य झाली.

भिजलेली आठ पुस्तकं सुकली, पण बांधणी सैल झाली आहे. रविवारी सहाजण दाभण आणि दोरा घेऊन शिवायला येणार आहेत. पुठ्ठा कुडाळहून आणायचा राहिलाय.